तीन घरचा पाहुणा

जुळणीबाईंनी जाडजूड पुस्तकाभोवती फीत गुंडाळली, गाठ आवळली आणि तिच्यावर अंगठा दाबून त्या लाखेसाठी शिपायाला हाक मारणार, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. चपला धुळीने माखलेल्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवी इतकी जड की तो खांदा पार खाली आलेला.

"गाठ मारू नका मॅडम," ती म्हणाली. "आमचं गाव बाहेर राहिलंय."

जुळणीबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. दारावरच्या पाटीवर 'समन्वय अधिकारी' असं लिहिलं होतं, पण ते म्हणायला जिभेला कष्ट पडतात, म्हणून कचेरीने सोपं करून घेतलं. दरवर्षी गावमंडळं आपल्या विकासकामांची यादी करत, जिल्हा मंडळ आपली करत असे आणि वरचं सरकार आपली. तिन्ही याद्या बाईंच्या टेबलावर यायच्या आणि त्यांचं एक पुस्तक व्हायचं. एकच विहीर दोन याद्यांत दिसली की बाई एका ठिकाणी ती ठेवायला सांगत आणि दुसऱ्या ठिकाणी काढायला. त्यांच्या आधीच्या काळात म्हणे एका गावात दोन बसथांबे समोरासमोर बांधले गेले होते आणि बस दोन्हींच्या पुढे जाऊन उभी राहायची. बाई आल्या आणि असले तमाशे बंद झाले. अकरा वर्षं पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच ओळ छापली जात होती : दुबार कामे, शून्य. दुरुस्ती, शून्य.

या शून्यांवरच तर सगळं आलं होतं. संचालक महिनाअखेर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीसाठी बाईंचं नाव वर गेलं होतं. आज पाच वाजता गाडी पुस्तक घेऊन निघणार होती. पुस्तकापाठोपाठ खुर्चीचा निकालही लागणार, हे कचेरीतल्या पाणी भरणाऱ्यालाही ठाऊक होतं.

"बसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही कोण?"

"नर्स. डोंगराच्या पलीकडून आलेय." नर्सबाईंनी पिशवीतून तीन कच्च्या याद्या काढून टेबलावर मांडल्या. तिन्हींत खुणेसाठी बँडेजच्या पट्ट्या घातल्या होत्या. "ही गावमंडळाची, पान चाळीस. आमचं प्रसूतिगृह. ही जिल्ह्याची, पान एकशे बारा. तेच प्रसूतिगृह. आणि ही वरच्या सरकारची. त्यातही तेच. गावातले लोक हसायला लागले होते, म्हणाले, एकाची मारामार होती, आता तीन होणार. मग परवा पक्की यादी फळ्यावर लागली. त्यात एकही नाही."

"फळ्यावर नऊशे कामं आहेत. तुम्ही उभ्याने वाचलीत?"

"दोनदा. पहिल्यांदा वाटलं, आपलेच डोळे गेले."

जुळणीबाईंनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. अकरा वर्षांत त्यांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. त्यांनी गाठ सोडली आणि कपाटातून पत्रांची फाइल काढली.

पत्र सापडायला वेळ लागला नाही. यंदा दुबार कामांसाठी त्यांनी बेचाळीस पत्रं धाडली होती. एक्केचाळीस पत्रांत स्वच्छ लिहिलं होतं, काम अमक्याने ठेवावं, बाकीच्यांनी वगळावं. बेचाळिसाव्यात लिहिलं होतं, 'तिन्ही कार्यालयांनी आपसांत ठरवून वगळण्याची कार्यवाही करावी.' ते लिहितानाचा दिवस बाईंना आठवला. तिघंही इतक्या हौसेने पुढे आलेत, कशाला कुणाचं मन मोडा, असं वाटलं होतं. आता वाचताना त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्यांनी लगोलग तीन फोन केले.

"अहो बाई, जिल्हा आणि वरचं सरकार करतंय म्हटल्यावर आम्ही कशाला मध्ये लुडबुड करायची?" गावमंडळाचे प्रमुख म्हणाले. "आम्ही काढलं."

"वरचे करतायत ना?" जिल्हा मंडळातल्या अधिकाऱ्याने विचारलं. "मग आम्ही काढलं."

"स्थानिक मंडळांचा मान राखायचा म्हणून आम्ही काढलं," वरच्या सरकारातला अधिकारी म्हणाला.

तिघांनीही भलेपणाच केला होता, आणि तोही एकाच आठवड्यात. बाईंनी फोन खाली ठेवला आणि झालं ते जसंच्या तसं नर्सबाईंना सांगितलं, चुकीच्या वाक्यासकट. समोरची आता भांडणार, असं त्यांना वाटलं. भांडली असती तर बरंही वाटलं असतं.

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात," नर्सबाई म्हणाल्या. "आमचा तर तीन घरचा निघाला."

संचालकांच्या खोलीत पंखा गरगरत होता. साहेब निरोपाच्या भाषणाची टिपणं काढत बसले होते, आणि त्या भाषणात ते अकरा वर्षांचं शून्य येणार होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आता काम घालायचं तर दुरुस्तीपत्र जोडावं लागेल," ते म्हणाले. "काय चुकलं आणि कुणाचं चुकलं, दोन्ही लिहून. ते पहिल्या पानावर छापतात."

"माहीत आहे."

"मग पुढच्या वर्षी घेऊ की. पहिलं काम तेच घेऊ. तुम्ही तेव्हा या खुर्चीत असाल, कोण अडवणार आहे?"

बोलणं बिनतोड होतं. बाई बाहेर आल्या तेव्हा नर्सबाई टायपिस्ट मुलीची खालची पापणी ओढून बघत होत्या.

"रक्त कमी आहे हिचं. गोळ्या लिहून देते, रोज घे, टेबलाच्या खणात ठेवून विसरू नकोस." मग त्या जुळणीबाईंकडे वळल्या. "काय म्हणाले साहेब?"

"पुढच्या वर्षी नक्की होईल."

"मॅडम, माझ्याकडे पुढच्या वर्षीपर्यंत कोणी थांबत नाही. दिवस भरले की भरले."

"आत्ता कुठे करता तुम्ही?"

"शाळेच्या कोठीत. चार बाकं जोडायची, वर सतरंजी टाकायची. भिंतीपलीकडे वर्ग भरलेला असतो. आत बाई ओरडायला लागली की गुरुजी पोरांना मोठ्याने पाढे म्हणायला लावतात." त्या हसल्या. "आमच्या गावची पोरं पाढ्यांत भारी पक्की आहेत. माझ्या एकोणीस वर्षांत कोठीत दोनशे बारा बाळंतपणं झाली. दोन सोडून सगळी सुखरूप."

एकोणीस वर्षं, चार बाकं आणि दोनशे दहा! आपण शून्याचं एवढं कौतुक करून घेत होतो, याची बाईंना लाज वाटली. घड्याळात सव्वातीन झाले होते. त्यांनी कोपऱ्यात जाऊन घरी फोन लावला.

"अहो, समजा ती खुर्ची नाही मिळाली, तर?"

"तर आहे त्या खुर्चीत बसशील," नवरा म्हणाला. "का गं?"

"आईंनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलंय."

"आईला मी समजावतो. तू विचारतेयस म्हणजे ठरवून मोकळी झालेली आहेस. उगीच माझी परवानगी घेतल्यासारखं करू नकोस."

बाईंना त्या अवस्थेतही हसू आलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि दुरुस्तीपत्र लिहायला घेतलं. या वेळी एकही शब्द मोघम ठेवला नाही. प्रसूतिगृह जिल्हा मंडळाने बांधावे. जागा गावमंडळाने द्यावी. वरच्या सरकारने रस्ता आणि वीज तिथपर्यंत न्यावी. पुन्हा तिघांना फोन केले, तेव्हा तिघंही एका पायावर तयार झाले. कुणी काय करायचं ते कळलं की माणसं करतात, असा बाईंचा अकरा वर्षांचा अनुभव होताच. मग त्यांनी शेवटची ओळ लिहिली, सही केली आणि कागद साहेबांपुढे नेऊन ठेवला.

साहेबांनी पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"'कारण : समन्वय अधिकाऱ्याची चूक.' जरा दुसरे शब्द नव्हते का, बाई?"

"होते. पण मग चूक चौघांत वाटली गेली असती. काम वाटलं गेलं तेव्हा काय झालं, ते बघितलंच आपण."

"हे छापून वर गेल्यावर तुमच्या नावाचं काय होईल, ते कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

साहेबांनी पेन घेतलं. ते आता ओळ खोडणार, असं बाईंना वाटलं, आणि खोडली तर आपण काय म्हणायचं, याची त्या मनात जुळवाजुळव करू लागल्या. पण साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला आणि बाईंच्या सहीखाली, जरा जागा सोडून, सावकाश लिहिलं : दुरुस्ती क्रमांक दोन.

बाईंनी ते वाकून वाचलं.

"पाण्याची टाकी," साहेब म्हणाले. "चार वर्षं झाली. तुम्ही तेव्हा आजारपणाच्या रजेवर होतात, जुळणी मी केली. काम दोन याद्यांत होतं. दोन्हीकडून निघालं. मला महिन्याभराने कळलं, तोवर पुस्तक गेलेलं होतं. म्हटलं, पुढच्या वर्षी घेऊ."

"मग?"

"त्या गावातून कोणी आलं नाही, बाई."

त्यांनी पुढची ओळ लिहिली : कारण, संचालकाची चूक. खालच्या आवारात गाडीचं इंजिन सुरू झालं. कागद टंकायला न्यायचा होता, वेळ थोडा उरला होता.

"साहेब, गावाचं नाव राहिलंय," जुळणीबाई म्हणाल्या. "थांबा, मी तळघरातून त्या वर्षीचं पुस्तक काढून आणते."

"नको," साहेब म्हणाले. आणि त्यांनी गावाचं नाव सांगितलं, वस्तीचं सांगितलं, टाकीची लांबी, रुंदी, उंची सांगितली, विहिरीपासूनचं अंतर सांगितलं, आणि घरं किती तेही सांगितलं. एकशे सहा.