सोमनाथच्या यारीचा चाप

साळूबाई जाऊन अकरा महिने झाले होते, आणि त्यातले सात महिने तिच्या नवऱ्यानं, कारभारींनी, एक चाप करण्यात घालवले होते.

साळूबाईचा धाकटा भाऊ सोमनाथ विहिरी खोदायचा. त्याची स्वतःची यारी होती, म्हणजे लोखंडी पायांवर उभा केलेला सांगाडा, एक डिझेल इंजिन, आणि तारेचा दोर गुंडाळणारा ड्रम. दोराच्या टोकाला मोठी बकेट. तिच्यातून दगड-मुरूम वर यायचा आणि तिच्यातच बसून माणसं खाली जायची. दोर सहसा तुटत नाही. दगा देतो तो ड्रमचा ब्रेक. आठ वर्षांपूर्वी सोमनाथ बकेटमध्ये असताना ब्रेक सुटला आणि बकेट दहा फूट घसरून धरली गेली. सोमनाथ हसत वर आला. साळूबाई हसली नाही.

त्या दिवसापासून सोमनाथ विहिरीत उतरला आहे असं कळलं की ती दुपारच्या भाकरीला हात लावायची नाही. संध्याकाळी त्याचा फोन यायचा, "ताई, वर आलो." मग ती ताट वाढून घ्यायची. नवऱ्याला म्हणायची, "तुम्ही एवढे टूलरूमचे फिटर. कंपनीला केसाएवढ्या मापाची हत्यारं करून देता. माझ्या भावाच्या दोराला काहीतरी करा की."

"रिटायर झालो की करतो," कारभारी म्हणायचे.

ते रिटायर झाले आणि साळूबाईचं दुखणं निघालं. चार महिन्यांत ती गेली. काम राहिलं होतं ते राहिलंच होतं. तेराव्यानंतर काही महिने कारभारी बजाजनगरच्या त्या घरात नुसते बसून राहिले, आणि एके सकाळी उठून वाळूजला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि म्हणाले, "एक व्हाइस मला दे."

चाप असा होता. यारीच्या पायाला एक लोखंडी जबडा बसवायचा आणि दोर त्याच्या दोन दातांमधून न्यायचा. बकेट वर येताना दोर मोकळा चालतो. खाली सोडताना ऑपरेटरनं दांडा दाबून जबडा उघडा धरायचा. दांडा सोडला, की स्प्रिंग जबडा मिटवते आणि दोर जितका ओढेल तितका जबडा आवळत जातो. बाजारात दोर आवळायचे चाप मिळतात, पण ते पान्यानं कसावे लागतात. ब्रेक सुटल्यावर पाना कोण शोधत बसणार? कारभारींचा चाप आपोआप धरणार होता.

सहा महिन्यांत तो तयार झाला. जबडा त्यांनी घासून घासून असा केला होता की त्यात तोंड दिसावं. वर्कशॉपमध्ये छताच्या गर्डरला दोर बांधून तीन क्विंटल लोखंड टांगलं, तर दोर तसूभर हलला नाही. मग पिवळ्या फडक्यात चाप गुंडाळून, मोटारसायकलच्या डिकीत घालून ते लासूर स्टेशनच्या पुढं, जिथं सोमनाथचं काम चाललं होतं, त्या विहिरीवर गेले.

सोमनाथनं फडकं उलगडलं. "दाजी, ह्यात पाहून दाढी करता येईल. पण हा दोर धरंल का?"

"लाव आणि बघ."

"बद्रीनाथ, बघ रे, आमच्या दाजीनं सुसर आणली."

बद्रीनाथ हा यारीचा ऑपरेटर. वीस वर्षं ब्रेकवर बसलेला माणूस, बोलायचा कमी. त्यानं चाप हातात फिरवून पाहिला आणि यारीच्या पायाला बोल्टनं बसवला. कारभारींनी खालची सगळी माणसं वर काढायला लावली. बकेटमध्ये दगड भरले. विहिरीच्या तोंडावर बकेट लटकवली आणि बद्रीनाथनं ब्रेक सोडून दिला, दांडाही सोडला.

खट्.

बकेट थांबली. कारभारींनी श्वास सोडला, आणि त्याच वेळी दोर सरकला. आधी बोटभर, मग हातभर, मग सर्र करून जबड्यातून निघाला. खालून धप्प आवाज आला.

सगळ्यांनी वाकून खाली पाहिलं. शेवटी बद्रीनाथ म्हणाला, "आवाज मात्र झकास झाला."

सोमनाथनं त्याच्याकडं डोळे वटारले आणि कारभारींच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या दाजी. तुम्ही एवढं केलं, ताईला पोचलं."

"पोचलं नाही," कारभारी म्हणाले. "दोर सुटला."

त्यांनी दोराला हात लावला. बोटं काळी झाली. जळालेलं इंजिन ऑईल, आणि त्याच्यावर विहिरीचा चिखल.

"दोराला तेल लावता?"

"मग काय दाजी, पाण्यात गंजंल ना. आठवड्याला लावतो."

कारभारींनी कपाळाला हात लावला, तेव्हा तेही काळं झालं. वर्कशॉपमध्ये वजन टांगण्याआधी त्यांनी दोर चिंधीनं स्वच्छ पुसला होता. चौतीस वर्षं टूलरूममध्ये कुठलीही वस्तू पुसल्याशिवाय मापाला लावली नव्हती, तसाच दोरही पुसला. मनात विचारसुद्धा आला नव्हता.

घरी येऊन त्यांनी जड स्प्रिंग घातली. पुढच्या आठवड्यात पुन्हा लासूरला. ह्या वेळी दोर थोडा कमी सरकला, पण दांडा दाबता दाबता बद्रीनाथच्या हाताला गोळे आले. "कारभारी, हा दोर धरत नाय, माझाच हात धरू राह्यला," तो म्हणाला. दिवसभर असा दांडा कोण दाबणार? तो चाप काढून ठेवील आणि सोमनाथ पहिल्यासारखाच खाली जाईल. स्प्रिंगचा रस्ता बंद झाला.

नंतरचे आठ-दहा दिवस चाप स्वयंपाकघराच्या ओट्यावर पडून होता. कारभारी चहा करायचे आणि त्याच्याकडं बघत प्यायचे.

मग एका सकाळी गल्लीत आरोळी आली, "टाकी लावायची का, पाट्याला, जात्याला!"

बजाजनगरात आता घरोघरी मिक्सर आहेत. तरी वर्षातून एकदा द्वारकाबाई छिन्नी-हातोडी घेऊन यायचीच, कारण चार-पाच घरं तिची ठरलेली होती. कारभारींचं त्यातलं एक. ती फाटकात उभी राहिली.

"ताई कुठंय?"

"गेली. गेल्या वैशाखात."

द्वारकाबाई पायरीवरच बसली. छिन्नी-हातोडी खाली ठेवली. मग म्हणाली, "लई भांडायची माझ्याशी. मनासारखा पाटा झाल्याबिगर उठू द्यायची नाय. मग स्वतःच चहा आणायची."

"चहा मी करतो," कारभारी म्हणाले.

पाटा ओट्याखाली भिंतीला टेकून उभा होता. साळूबाईनं ठेवला तसा. अकरा महिने त्यांनी त्याला हात लावला नव्हता. हात लावावा की नाही असं क्षणभर वाटलं, पण बाई दारात बसली होती. त्यांनी तो उचलून ओसरीत आणला.

द्वारकाबाईनं त्याच्यावरून तळवा फिरवला. "गुळगुळीत झालाय पार. ह्याच्यावर वाटण नुसतं सरकतं, वाटलं जात नाय."

तिनं छिन्नी लावली. टक, टक, टक. दगडाची बारीक भुकटी उडायला लागली. एक कारागीर दुसऱ्याचे हात बघतो तसे कारभारी बघत बसले. तिच्या रेघा सरळ नव्हत्या. दोन्ही कडांकडून तिरक्या निघून मधोमध भेटत होत्या.

"तिरक्या का मारता?"

"उभ्या मारल्या तर वाटण ओघळून खाली येतं. आडव्या मारल्या तर चरीत बसून राहतं, मग वरून गुळगुळीतच. तिरकीला चर भरत नाय. पाणी असो, तेल असो, चरीतून निघून जातं अन् दाणा धरून राहतो." ती हातोडी मारता मारता बोलत होती. "एवढं तर ताईलाबी ठावं होतं."

कारभारी उठले. ओट्यावरचा चाप आणून त्यांनी तिच्या हातात दिला. तेलकट दोर धरायचा आहे आणि तो सुटतो, एवढंच सांगितलं.

द्वारकाबाईनं जबड्यावर अंगठा घासला. "हे तर पाट्याहून गुळगुळीत. कोणी केलं हे?"

"मी."

"मग आधी तुम्हालाच टाकी लावायला पाहिजे, भाऊ."

साळूबाई गेल्यानंतर त्या घरात कोणी हसलं असेल, तर ते त्या दिवशी. कारभारींना चहाचा ठसका लागला.

जाताना द्वारकाबाईनं फाटकातून वळून सांगितलं, "पहिलं वाटण टाकून द्या बरं का. मूठभर तांदूळ वाटा अन् फेका." कारभारींनी मान हलवली. त्यांचं लक्ष जबड्यात होतं. ते चपला घालत होते.

वर्कशॉपमध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं तो आरसा मोडला. कानशीनं तिरके चर काढले, दोराचा पीळ ज्या बाजूला जातो त्याच्या उलट, म्हणजे दाताची कड तारेवर चढेल आणि तेल चरीतून निघून जाईल. मग जबडा तापवून त्याला पाणी देऊन घेतलं, दात झिजू नयेत म्हणून. जड स्प्रिंग काढून पहिली, हलकी घातली. सोमनाथकडून जुन्या दोराचा तुकडा मागवून घेतला होता. तो पुसला तर नाहीच, उलट त्याच्यावर जळालेलं ऑईल ओतलं आणि तुळशीच्या कुंडीशेजारची ओली माती फासली.

वर्कशॉपवाला बघत होता. "काका, लोणचं घालू राह्यले का?"

"मुरू दे जरा," कारभारी म्हणाले, आणि चार क्विंटल टांगले.

दुपारी टांगलेलं वजन संध्याकाळी तिथंच होतं. खडूनं दोरावर केलेली खूण जबड्याला जिथं टेकली होती तिथंच टेकलेली.

पुन्हा लासूर. पुन्हा दगड भरलेली बकेट. दोरावरून तेल ठिबकत होतं. बद्रीनाथनं ब्रेक सोडला, दांडा सोडला. खट्. सगळे जबड्याकडं बघत राहिले. सोमनाथनं चहा मागवला. चहा पिऊन झाला, तंबाखू मळून झाली, बकेट लटकलेलीच. मग बद्रीनाथनं इंजिन सुरू करून दोर वीतभर वर ओढला, तर जबडा आपोआप सैल झाला. त्यानं दांडा चार वेळा दाबून पाहिला.

"हलका आहे," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

सोमनाथ दगड काढून बकेटमध्ये चढायला लागला. कारभारींनी त्याचा दंड धरला. "आधी मी."

"दाजी, वेडेबिडे झाले काय? तुम्हाला काही झालं तर वर गेल्यावर ताई मला दारात उभं करणार नाय."

"ज्यानं केलं त्यानं आधी बसायचं."

"हा कुठला कायदा?"

"माझा."

बासष्ट वर्षांचा माणूस बकेटच्या काठाला धरून आत उतरला. बद्रीनाथनं त्यांना पंधरा फूट खाली नेलं, आणि ठरल्याप्रमाणं ब्रेक अन् दांडा दोन्ही सोडले. वरून खट् असा आवाज आला. बकेटला एक हिसका बसला, बस. कारभारी विहिरीत लटकून राहिले. बाजूला काळ्या मातीचा थर, खाली मुरूम, त्याच्याखाली पाझर सुटलेला खडक. बाहेर ऊन तापलं होतं, इथं गारवा होता. एवढी वर्षं साळूबाईचा जीव ह्याच पोकळीत टांगलेला असायचा, त्यांनी ती आज पहिल्यांदा आतून पाहिली. दोर वर ताठ होता. त्यांनी काठावरची मूठ सोडली आणि हात मांडीवर ठेवले.

वरून सोमनाथचं डोकं दिसलं. "दाजी, कसं वाटू राह्यलं?"

"गार आहे."

"मग राह्यता का तिथंच?"

"वर घे रे, भाड्या."

दुसऱ्या दिवसापासून सोमनाथची माणसं चाप लावून खाली उतरायला लागली.

त्या पहिल्याच दिवशी दुपारी कारभारींनी टाकी लावलेला पाटा पहिल्यांदा वाटणाला घेतला. शेजारच्या रत्नमालाबाईंनी गरम भाकरी दिल्या होत्या. त्यांनी हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे घेऊन चटणी वाटली. पाटा चांगला धरत होता. चार हातांत चटणी झाली. ताट वाढून त्यांनी त्याच्यावर दुसरं ताट झाकलं आणि पेपर वाचत बसले. पेपर संपला. बाहेर झाडांना पाणी घातलं. पुन्हा येऊन बसले. ताट झाकलेलंच होतं. आपण का थांबलो आहोत, हे त्यांना सहाच्या सुमारास फोन वाजल्यावर कळलं.

"दाजी," सोमनाथ म्हणाला, आणि जरा अडखळला. अकरा महिने त्यानं असा फोन कुणाला केला नव्हता. "वर आलो."

"सगळे?"

"सगळे. जेवलात का तुम्ही?"

"बसतोच आहे."

"आत्ता? सहा वाजले की! तुम्हीबी ताईसारखंच करू राह्यले काय?"

"ठेव फोन. भाकर गार झाली."

त्यांनी झाकण काढलं. भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात घातला.

किच्.

दाताखाली दगडाची कच आली. दुसरा घास, पुन्हा किच्. मग त्यांना फाटकात उभी राहिलेली द्वारकाबाई आठवली, आणि पहिलं वाटण टाकून द्या म्हणालेली. नव्यानं टाकी लावलेल्या पाट्याची कच आधी तांदळात काढायची असते. एवढं तर साळूबाईलाही ठाऊक होतं.

"हस," कारभारी रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाले. "हस आता."

चटणी त्यांनी मोरीत टाकली. पाटा नळाखाली धुतला, डब्यातून मूठभर तांदूळ घेतले आणि तिरक्या रेघांवर वरवंटा फिरवायला बसले. मग मिरच्या पुन्हा खुडल्या. भूक लागली होती, पण घाई नव्हती.