दोन साइट, एकच मजकूर

भोसरीत जयसिंगचं स्प्रिंगांचं वर्कशॉप होतं. माल चोख, जुनी गिऱ्हाइकं टिकून. पण गुगलवरून नवा माणूस म्हणून कुणी फिरकत नव्हता. शेवटी त्यानं चिंचवडहून तनुजाला बोलावलं. रखडलेल्या वेबसाइटी दुरुस्त करणं हेच तिचं काम.

दोन पानं उघडत नव्हती, फोटो फार जड होते. तेवढं तिनं चहा येईपर्यंत मार्गी लावलं. मग विचारलं, "सर, चाकणचे सुजित कोण?"

जयसिंगचा चेहरा आक्रसला. "धाकटा भाऊ. का?"

"त्यांच्या साइटवर शब्दन् शब्द तुमचाच मजकूर आहे. दोन्हीकडे तेच दिसलं की कुणाला वर दाखवायचं ते गुगलला कळत नाही."

"चोरला म्हणा की त्यानं!"

"नाही हो. तुमच्या जुन्या, एकत्र साइटवरून दोघांनीही उचललाय. ती अजून चालू आहे. शोधलं की तीच आधी येते."

तिनं ती उघडून दाखवली. मशीनवर वाकलेले त्याचे वडील, आबा, आणि खाली भावांच्या वाटणीनंतर बंद केलेला फोन नंबर. चार वर्षं लोक त्याच नंबराला फोन लावत असणार.

"हिचा पासवर्ड लागेल."

"त्याच्याकडंच आसंल." दोघं लग्नकार्यात भेटले तरी बोलत नव्हते.

"मी लावू का फोन?"

"नको. मीच लावतो."

सुजितनं लगेच उचलला. "दादा? आई बरी हाय ना?"

"बरी हाय. ती जुनी साइट... तूच चालू ठेवलीस व्हय?"

"दरवर्षी रिन्यू करतो. आबांचा फोटो हाय तिच्यावर. बंद कशी करू?"

जयसिंगनं स्क्रीनवरचा आबांचा फोटो पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "रविवारी घरी ये."

रविवारी तनुजानं दोघांना समोर बसवून विचारलं, गिऱ्हाईक फोनवर नेमकं काय मागतं? जयसिंगकडं बारीक स्प्रिंगा, स्विचच्या, कुलपांच्या. सुजितकडं जाड, प्रेस मशीनच्या. तिनं तेच शब्द घेऊन दोन वेगळी पानं लिहिली. आबांची हकिकत जुन्या साइटवरच राहिली आणि फोटोखाली दोघांचे चालू नंबर आले.

आबांनी पहिलं मशीन कधी घेतलं, यावर मात्र भावांचं जमेना. एक म्हणे शहाऐंशी, दुसरा सत्याऐंशी. त्यांची आई अंबूबाई आतून म्हणाल्या, "सुजितच्या बारशाला आलं मशीन. पाळणा सोडून तुमचा बाप टेंपोमागं पळाला व्हता."

तनुजानं सुजितचं जन्मसाल विचारलं आणि हसत शहाऐंशी टाकलं.

गुगलला जाग यायला दीड महिना लागला. मग आठवड्याला दोन-तीन नवे फोन येऊ लागले. त्यातला एक रांजणगावचा, जाड स्प्रिंगा मागणारा. जयसिंगनं त्याला सुजितचा नंबर दिला. मग जेवण करून सावकाश सुजितलाही फोन लावला.