पाच हजार नंबरचं दार

नागापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून बोलतोय मी. जुना कॉम्प्युटर. पंखा घरघरतो, पण बोलणं स्पष्ट आहे.

एका ऑफिसनं मला टाकून दिलं, तेव्हा स्टोअर सांभाळणाऱ्या जयाताईंनी उचलून आणलं. व्हिडिओ बघून त्या प्रोग्रॅमिंग शिकल्या होत्या. माझ्यावर त्यांनी तीन ॲप उभी केली. घर एक, दारं तीन; या दारांनाच पोर्ट म्हणतात. तीन हजार नंबरवर मालाची नोंद, आठ हजारवर हजेरी आणि पाच हजारवर मशीनच्या तक्रारी. कारखान्याच्या वायफायवर मोबाईलमध्ये माझा पत्ता आणि पुढे नंबर टाकला, की तेच दार उघडायचं.

एकदा पत्रा कापायच्या प्रेसवरचे सूर्यभानमामा आले.

"जया, चार नंबरची प्रेस हात आत असला तरी थांबत न्हाई. लिव बरं."

"मामा, तुम्हीच लिहा. तुमच्या नावानं राहील."

मामांनी अक्षरं शोधत शोधत लिहिलं. त्या महिन्यात तीनदा लिहिलं. मॅनेजर वैजनाथसाहेबांना वाचायला सवड नव्हती.

मग सरकारी सुरक्षा तपासणीची तारीख कळली आणि साहेबांना एकदम सवड झाली. अंगद नावाच्या इंजिनिअरला बोलावून त्यांनी फर्मावलं, "उत्पादनाचं नवं ॲप पाच हजारवर टाका. तिथलं जुनं बंद."

अंगदनं नवं ॲप सुरू केलं. मी स्क्रीनवर साफ सांगितलं: हा पोर्ट आधीच वापरात आहे.

"अहो, पासष्ट हजार पोर्ट आहेत," जयाताई म्हणाल्या. "पाच हजार एकवर टाका ना!"

"साहेबांनी पाच हजारच सांगितलाय."

त्यानं तक्रारींचं ॲप बंद पाडलं. मी क्षणात उठवलं. पडलं की उठवायचं, हे जयाताईंनीच मला शिकवलेलं. त्यानं पुन्हा पाडलं, मी पुन्हा उठवलं. शेवटी वैतागून, यात आहे तरी काय, म्हणून त्यानं ते उघडलं. मामांच्या तिन्ही तक्रारी वाचल्या.

"हे खरं आहे?"

जयाताई त्याला प्रेसपाशी घेऊन गेल्या. मामांनी लाकडाची पट्टी आत धरली. प्रेस थांबली नाही. पट्टीचे दोन तुकडे झाले.

अंगद परत आला तो थेट साहेबांसमोर. "पाच हजारला मी हात लावणार नाही."

"मग तो डबाच भंगारात द्या!"

"द्या," जयाताई म्हणाल्या. "पण आधी प्रेस बंद करा. नाहीतर तपासणीवाल्यांना मामांच्या तक्रारी मीच दाखवते."

प्रेस त्याच दुपारी बंद झाली. सहाव्या दिवशी दुरुस्त झाली. जयाताईंची बदली मात्र पॅकिंगला झाली. जेवणाच्या सुट्टीत येऊन त्या माझी धूळ पुसतात. भंगाराच्या यादीत माझं नाव आहे म्हणे.

असू दे. मला डबा म्हणा, उद्या वायर उपटा. पण माणसानं स्वतःच्या नावानं लिहिलेलं खोडायला मला सांगू नका. ते माझ्याकडून होणार नाही.