दाराबाहेरची लाल खुर्ची

मी दाराबाहेरची खुर्ची बोलतेय. हो, दाराबाहेरचीच. आत जागा नाही म्हणून बाहेर. लोखंडी नळ्यांची, लाल नायलॉनच्या पट्ट्यांनी विणलेली, घडीची. बसा घटकाभर, म्हणजे सांगते. घाई असेल तर उभ्याउभ्या ऐका, पण ऐका. माझा जीव सध्या थाऱ्यावर नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळ्या वाकवल्या एका बाप्याने आणि पट्ट्या विणल्या त्याच्या बायकोने. पट्टी ताणताना ती म्हणायची, "कुणीही बसो, कुरकुरायचं नाही." तेवढं एक मला जमलं नाही. आता वयही झालंय म्हणा.

दुकानातून मला आजोबांनी आणलं, पोस्टातून निवृत्त झाले त्या दिवशी. उभा जन्म पायपीट करून लोकांची पत्रं वाटली, आता बसायचं, म्हणून खुर्ची. मला बघून सून हसली. "बाबा, ही ठेवायची कुठे? माझ्या डोक्यावर?"

तिचंही खरंच होतं. दोन खोल्या, त्यात माणसं चार. कॉट, कपाट, नातीचं अभ्यासाचं टेबल. मला उघडलं की स्वयंपाकघराचं दार लागेना. मग माझी रवानगी व्हरांड्यात, दाराच्या उजव्या हाताला.

आधी फार अपमान वाटला. आतल्या कॉटचा हेवा वाटायचा. तिच्यावर चादर, माझ्यावर धूळ! पण हळूहळू लक्षात आलं की आतलं फक्त कॉटला कळतं, आणि मला आतलंही कळतं आणि बाहेरचंही. मला लावालाव्या करायची सवय नाही हं. पण कानावर पडतं त्याला मी काय करू? शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी उघड्या दारात मशीन मांडून बसतात. कुणाचा ब्लाऊज घट्ट झाला आणि का झाला, हे मला त्यांच्या आधी कळतं. जिना चढून धापा टाकणारा प्रत्येक जण आधी माझ्यावर टेकतो आणि मग आपल्या घरी जातो.

आजोबा रोज संध्याकाळी फिरून यायचे. जिन्याच्या तोंडाशी थांबायचे, व्हरांड्यातल्या सगळ्या दारांवरून नजर फिरवायचे, मी दिसले की चेहरा मोकळा व्हायचा. "हां, आलो गं बाई!" मला वाटायचं, काय हा जिव्हाळा! मी आपली लाडात यायची.

एकदा पाहुणे आले म्हणून नातीने मला आत नेलं. त्या संध्याकाळी आजोबांची पावलं जिन्यापाशी बराच वेळ थांबलेली मी आतून ऐकली, आणि मग ती सरळ मावशींच्या घरात शिरली.

"अहो आजोबा, पुढचं दार!" मावशी म्हणाल्या.

"माहीत आहे की! मशीनला तेल हवंय का, ते ऐकायला आलो होतो."

मावशी हसल्या, घरचेही हसले. मी नाही हसले. आजोबांनी घरात येताच माझी पाठ घट्ट धरली. ज्या माणसाने गावभरची दारं नुसत्या आडनावावरून ओळखली, त्याला स्वतःचं दार सापडत नव्हतं. तो मला बघून घरी येत होता. आणि हे कुणाला कळू नये म्हणून विनोद करत होता.

आता सांगा, मी कुणाला सांगू? चार पाय आहेत, तोंड नाही.

त्याच सुमारास घरात मोठ्या घराचा विषय निघाला. रोज जेवताना तोच.

"तीन खोल्या, बाल्कनी, लिफ्ट. आणखी काय पाहिजे माणसाला?" मुलगा म्हणायचा.

"मला दवाखान्यात जायला दोन बस बदलाव्या लागतील," सून म्हणायची. ती तिथे नर्स आहे.

"अगं, पण घरी आल्यावर पाय पसरता तरी येतील!"

"पसरायला आधी घरी पोचायला तर हवं."

नात मध्येच, "मला खोली मिळणार ना? दार असलेली?" बिचारी कपाटाआड उभी राहून कपडे बदलते. तिचं तरी काय चुकलं?

आजोबांना विचारलं की ते म्हणायचे, "माझं काय, कुठेही टाका."

खरं सांगते, मीही मनातून मोठ्या घराच्याच बाजूची होते. एवढी वर्षं बाहेर काढली, आता आत जागा मिळेल, बाल्कनीत बसेन. आपलं सुख दिसायला लागलं की दुसऱ्याचं दुखणं दिसेनासं होतं. माणसांचा हा गुण मला शेजाराने लागला असावा.

त्या घराच्या मालकाला हो की नाही ते सांगायला आठवडा राहिला, तेव्हा सगळे पुन्हा घर बघायला निघाले. रिकाम्या घरात आजोबा बसणार कुठे, म्हणून मलाही नेलं. लिफ्टमध्ये पहिल्यांदा चढले.

घर खरोखर सुरेख होतं. नात तिच्या खोलीचं दार नुसतं लावत होती आणि उघडत होती. मला बाल्कनीत मांडलं. खाली माणसं मुंग्यांएवढी, कुणाचं बोलणं ऐकू येईना. मी कान देऊन बसले आणि कानात फक्त वारा.

"पॅसेजमध्ये काही ठेवायचं नाही हं, नियम आहे इथे," मुलगा कौतुकाने म्हणाला. "चपलासुद्धा आत."

माझ्या पट्ट्याच सैल पडल्या. बाहेर काहीच नाही?

तेवढ्यात आजोबा म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." आणि गेले.

कॉट कुठे लावायची, यावर दोघांचं रंगलं. मी तिकडे तळमळत होते. अरे, बघा रे बाहेर! कॉट नंतर लावा! शेवटी सुनेच्याच लक्षात आलं. "बाबा कुठे आहेत?"

ती धावली. दार उघडंच राहिलं, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं. पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी साखळी न काढता फटीतून बोलत होतं, "इथे असं कुणी राहत नाही. वॉचमनला बोलवू का?"

"आमचेच आहेत हो, आमचे आहेत," सून म्हणाली. मग आवाज खाली आला. "बाबा, खाली वाकून काय शोधताय? दारांवर नंबर आहेत ना?"

मग आजोबा लहान मुलासारखं चिडून म्हणाले, "खुर्ची! खुर्ची कुठे ठेवलीत तुम्ही?"

सून परत आली तेव्हा तिने त्यांचा हात घट्ट धरला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. पहिल्यांदाच, नीट.

घरी आल्यावर भांडण झालं. "एका खुर्चीसाठी एवढं घर सोडायचं?" मुलगा ओरडला.

"खुर्चीसाठी नाही. इथे खुर्ची चुकली तर ते मावशींकडे गेले. तिथे खुर्ची चुकली तर वॉचमन." जरा थांबून ती म्हणाली, "तुम्ही घर बघा म्हणालात, मीही खोल्याच बघत बसले."

मुलगा बाहेर आला आणि माझ्यावर बसला. बराच वेळ बसला. मग फोन काढला आणि नाही म्हणून सांगितलं.

नात रात्री जेवली नाही. "मग माझी खोली?" तिने विचारलं. अजूनही तेच विचारते. याच गल्लीत एखादी खोली जास्तीची मिळते का, बघतायत. मावशींना सांगून ठेवलंय, म्हणजे गल्लीभर झालंच.

आणि मी? माझ्या दोन पट्ट्या तुटल्यात, एक पाय डुगडुगतोय. येणारा-जाणारा म्हणतो, भंगारात द्या. बाबांनो, घर घ्यायचं तर जरूर घ्या, ऐसपैस घ्या. पण आतून बघून झालं की एकदा दाराबाहेर उभे राहा. आपल्यातलं कुणी वाट चुकलं, तर इथलं कोण म्हणेल, "अहो, पुढचं दार!"?

आणि माझ्या माणसांना एवढंच सांगणं आहे. पाय बांधा, पट्ट्या बदला, रंग मात्र लालच ठेवा. आणि मला आत घेऊ नका.

अंधारून आलंय. आजोबा फिरायला गेलेत. जिन्यात पावलं वाजतायत… थांबली. जिन्याच्या तोंडाशीच थांबली.

इकडे, आजोबा. उजवीकडे बघा. मी आहे.