पंखावरची आडवी रेघ

बोलतोय मी, पण लांबूनच ऐका. अंगाला हात लावायचा नाही. पिसं गळतायत माझी, आणि या दिवसांत मला माणूस आवडत नाही. एरवीही फारसा आवडत नाही.

मी हॅरिस हॉक, शिकारी पक्षी. मराठी माणसं ससाणा म्हणतात, म्हणू देत. शाळा मी पाहिली नाही, पण अमेरिकेत, चँडलरला, प्रफुल्लच्या बॅकयार्डमध्ये म्हातारा झालो, म्हणून घरातलं बोलणं कळतं. प्रफुल्ल कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. हिवाळ्यात तो मला हातमोज्यावर बसवून माळावर नेतो आणि मी ससे धरतो. तेवढ्यासाठीच मी जगतो, खोटं कशाला बोलू?

उन्हाळ्यात जुनं पीस पडतं, नवं येतं. तेव्हा पोटभर खायचं आणि खोलीत गप्प बसायचं. कोवळ्या पिसाच्या दांडीत रक्त असतं. उपास घडला की तेवढ्या जागी पीस कच्चं राहतं, आणि ते बदलायला पुढचा उन्हाळा यावा लागतो. माझ्या वयात पुढचा उन्हाळा कोणी पाहिलाय?

गेल्या वर्षी ऐन गळतीत प्रफुल्लला कंपनीने तैवानला धाडलं. नागपूरहून त्याचे वडील दादाराव आले होते.

"बाबा, रोज संध्याकाळी याला एक लावा पक्षी द्यायचा. सकाळीच फ्रीजरमधून काढून ठेवा. मिस नका करू."

"अरे, तुला वाढवलं मी. हा कोंबडीएवढा तर आहे."

कोंबडी! मी पाठ फिरवून बसलो.

पण म्हातारा वेळेचा पक्का. लावा ठेवायचा, दोन शब्द बोलायचा, जायचा. मग आषाढ पौर्णिमा आली. त्यांचा, म्हणजे बौद्धांचा, वर्षावास सुरू झाला. पांढरा सदरा घालून दादारावांनी अष्टशील घेतलं. दुपारनंतर अन्न नाही.

संध्याकाळी मी दाराकडे बघत बसलो. दार उघडलं नाही. बाहेर सून भावना विचारत होती, "बाबा, पक्ष्याचं जेवण झालं का?"

"आज पौर्णिमा ना. एक दिवस पाळू दे त्यालाही. पुण्यच लागेल."

"बघा हं, प्रफुल्ल ओरडेल."

"ओरडू दे. बाप आहे मी त्याचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन लावे टाकले, भरपाई म्हणून. पिसांना भरपाई कळत नाही.

उन्हाळा सरला तेव्हा तैवानहून परतलेल्या प्रफुल्लने माझा पंख उन्हात पसरून धरला. त्या पौर्णिमेला जी वाढत होती त्या सगळ्या पिसांवर एक बारीक आडवी रेघ होती, नखाने ओढल्यासारखी.

"बाबा, हा उपाशी राहिला होता?"

दादाराव रेघेवर वाकले. "एकच दिवस रे. चांगलं म्हणून केलं."

"एका दिवसाचंच आहे हे."

पहिल्याच शिकारीत झुडपात वळलो आणि पिसं त्या रेघेवर मोडली. ससा गेला. मी पायांनी खुरडत निघालो, कोंबडीसारखा.

गळलेली जुनी पिसं प्रफुल्लने डब्यात जपली होती. मोडक्या पिसाच्या पोकळ बुडात बांबूची काडी घालायची, गोंद लावायचा आणि वर जुनं पीस बसवायचं. त्यासाठी मला कोणीतरी घट्ट धरायला हवं होतं. दादारावांनी तोच पांढरा सदरा आणला, मला गुंडाळलं आणि छातीशी धरलं. मी त्यांच्या मनगटात नख रुतवलं. पांढऱ्यावर लाल उमटलं.

"बाबा, सोडा, मी भावनाला बोलावतो."

"तू काम कर. मारू दे त्याला, हक्क आहे त्याचा."

हात सैल झाला नाही.

त्या हिवाळ्यात मी उडालो. जुन्याच पिसांवर, पण उडालो. दादाराव नागपूरला परतले.

आता ती जोडलेली पिसंही गळतायत. पुन्हा आषाढ पौर्णिमा आली. इथे संध्याकाळ, नागपूरला सकाळ. प्रफुल्लचा फोन वाजला. जयभीम झाला. मग म्हाताऱ्याने विचारलं, "त्याला घातलंस?"

प्रफुल्लने फोन जाळीशी धरला. मी लावा फाडत होतो. शेवटचा घास गिळेपर्यंत फोनच्या पडद्यावरचा तो सुरकुतलेला चेहरा हलला नाही.

"झालं? मग मी घेतो शील," दादाराव म्हणाले.

माझं मागणं एवढंच. जुनं गळून नवं येतंय तोवर पोटाला घाला आणि एकटं सोडा. तुमचं पुण्य तुमच्या पोटावर करा. माझे पंख भरले की मी त्या म्हाताऱ्याच्या वाट्याचाही एखादा ससा धरीन.