वरची जाळी

आमच्या इमारतीच्या अध्यक्षांनी चौथ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याचा सत्कार करायचं ठरवलं, तेव्हा त्यात त्यांचा काय फायदा होता, ते आधी सांगते. इमारतीची निवडणूक तोंडावर आली होती. सत्कार केला की फोटो निघतो, फोटो खालच्या भिंतीवर लागतो आणि येणारा-जाणारा म्हणतो, माणूस मनाचा मोठा आहे हो. आता दुसरा पर्याय बघा: लिफ्टची दुरुस्ती. त्यासाठी घरोघर वर्गणी मागावी लागते, लोकांची बोलणी खावी लागतात, आणि दुरुस्त झालेल्या लिफ्टशेजारी उभं राहून फोटो काढून घेणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

असता तर मला दिसला असता, मित्रांनो. कारण ती लिफ्ट मीच आहे.

मी एक जुनी लिफ्ट आहे. ओढून लावायच्या लोखंडी जाळ्यांची, भिंतीला आरसा असलेली, अंगाने अरुंद. कारखान्यातून मला इथे आणलं तेव्हा लोक काही काम नसताना वर-खाली करायचे. पहिल्या मजल्यावरचेसुद्धा. तेच आता वर्गणीचं नाव काढलं की म्हणतात, "आम्ही कुठे लिफ्ट वापरतो?"

माझा एक नियम फार कडक आहे. माझ्या पेटीला एक जाळी आणि प्रत्येक मजल्यावर एक जाळी. यातली एक जरी बोटभर उघडी राहिली, तरी मी जागची हलत नाही. कोणी पडू नये म्हणून कारागिरांनी ही सोय केली. माणसांनी तिचा भलताच उपयोग शोधून काढला. अध्यक्ष राहतात पाचव्या मजल्यावर, सगळ्यांच्या वर. सकाळी ते मला वर बोलावून घ्यायचे, जाळीत एक चप्पल अडकवायचे आणि मग निवांत दाढीला बसायचे. लिफ्ट दुसऱ्या कोणी पळवू नये म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचंही तेच. शेजारणीशी बोलणं संपेपर्यंत त्या जाळीत पाय घालून उभ्या.

चष्मेवाला राहायला आला तो मुलीला कडेवर घेऊन. बाजारातल्या दुकानात चष्म्यांच्या काचा घासायचं त्याचं काम. मुलीची आई नव्हती. का नव्हती, यावर माझ्यात बरीच चर्चा व्हायची, पण तो उतरल्यावर. मुलीला तो चिमणी म्हणायचा. तिला चालता येत नव्हतं, मान सावरतानाही कष्ट पडत, आणि बोलणं म्हणजे 'हूंऽ' एवढंच. पण त्या एका हूंमध्ये भूकही असायची, राग असायचा, लाडही असायचा. तिची चाकाची खुर्ची माझ्यात मावायची ती उलटी घातली तरच, तेही पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडून. मग तो स्वतः पोट आत ओढून कोपऱ्यात उभा. प्रत्येक मजला ओलांडताना मी हिसका द्यायचे. बाकीचे त्यावर करवादायचे, आणि चिमणी खळखळून हसायची. माझ्या दुखण्याला दाद देणारी जगात ती एकटीच.

रोज सकाळी तो तिला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचा आणि तिथून तिला घेऊनच कामावर पळायचा. बाई चांगल्या होत्या, पण त्यांच्या दारात रांग होती. त्यांनी त्याला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "दादा, तुम्ही उशीर केलात की दुसऱ्या मुलाची वेळ जाते. सारखं असं झालं तर मला जागा दुसऱ्याला द्यावी लागेल." ही जागा जाणं त्याला परवडणारं नव्हतं. कारण चिमणी तिथे हल्ली कठडा धरून उभी राहायला लागली होती. दोन श्वासांपुरतीच, पण स्वतःच्या पायांवर.

म्हणून तो रोज चौथ्या मजल्यावरून मान वर करून ओरडायचा, "जाळीऽ! वरची जाळीऽ!"

"आलो, आलो," वरून अध्यक्ष म्हणायचे. यायचे नाहीत.

पोरांनी त्याचं नाव जाळीकाका पाडलं. काकू खाली माझ्या दारात भेटल्या की त्याला म्हणायच्या, "तुमचं कौतुक वाटतं हो भाऊ. बापमाणूस असून सगळं करता! आमच्याच्यानं नसतं झालं."

"काकू, जाळी तेवढी लावत जा."

"अगंबाई, लावलीच होती की मी!"

मग माझी मोटर कण्हायला लागली. मिस्त्री आला, वास घेऊन म्हणाला, "जळायला आलीय. आत्ता करून घ्या. आणि तोवर जड सामान नका चढवू." बैठक बसली. पहिला मजला म्हणाला, आम्ही वापरत नाही. तिसरा म्हणाला, पहिला देईल तर आम्ही देऊ. काकू म्हणाल्या, त्या खुर्चीमुळेच लिफ्टवर ताण येतो, म्हणजे मी आपलं बोलून दाखवते. चष्मेवाला म्हणाला, "माझा वाटा मी आत्ता देतो. दुप्पट घ्या, पण काम करा." अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्याकडून दुप्पट घेऊ? लोक काय म्हणतील? आधी तुमचा सत्कार, मग लिफ्ट."

सत्कार गच्चीवर झाला. खुर्च्या, टेबलं, ते दोन भलेमोठे कर्णे, सगळं माझ्यातूनच वर गेलं. माझी मोटर गच्चीवरच्या खोलीत असते, त्यामुळे भाषणं मला शब्द न शब्द ऐकू आली. अध्यक्ष म्हणाले, असा बाप लाखात एक. काकूंनी डोळे पुसले. चिमणीच्या खुर्चीला फुगे बांधले होते. मग चष्मेवाल्यापुढे माइक धरला.

तो म्हणाला, "आभारी आहे. तुम्हाला खरंच काही करावंसं वाटत असेल, तर लिफ्ट दुरुस्त करा. आणि जाळी लावत जा."

लोक पोट धरून हसले. किती दिलखुलास माणूस, म्हणून टाळ्या वाजवल्या.

त्याच खुर्च्या खाली न्यायला पाचव्यावरून निघतानाच माझी मोटर जळाली. तेव्हापासून मी पाचव्या मजल्यावर अडकून उभी आहे. खुर्च्या बाहेर काढताना जाळीत अडकवलेली अध्यक्षांची चप्पल अजून तिथेच आहे.

चष्मेवाला चिमणीला पाठीवर घेऊन उतरायला लागला. आधी तिला खाली पायरीवर बसवायचं, मग खुर्चीसाठी पुन्हा वर. जिन्यात भेटणारे कडेला सरकून म्हणायचे, "धन्य आहे तुमची!" खुर्चीला हात मात्र एकानेही लावला नाही. उशीर होत गेला. बाईंनी वाट पाहिली, पुष्कळ पाहिली, मग जागा दुसऱ्या मुलाला दिली. तो घरीच खिडकीचे गज धरवून तिला उभं करायचा, पण मुलगी वाढत होती आणि त्याची पाठ संपत आली होती. एक दिवस पाठ अशी धरली की चिमणीला उचलणंच बंद झालं.

आता सकाळी तो तिची खुर्ची चौथ्या मजल्याच्या जाळीपुढे आणून ठेवतो आणि भिंत धरून उभा राहतो. ती माझ्या वर-खाली जायच्या रिकाम्या विहिरीत बघते आणि हिसक्याची वाट बघत म्हणते, हूंऽ. तो आता वर बघून ओरडत नाही.

मित्रांनो, एकट्याने असं लेकरू वाढवणारं माणूस तुमच्या जिन्यात भेटलं, तर त्याचं कौतुक करू नका. जाळी लावा, खुर्चीचं दुसरं टोक धरा, आणि कौतुक उरलंच तर नंतर बघा. मला हे सांगून काही मिळायचं नाही. नवी लिफ्ट येईल तेव्हा मी भंगारात जाणार आहे.

बाकी हिशेब सरळ आहे. अध्यक्ष निवडून आले. फोटो खाली माझ्या दाराशेजारी लागला आहे, 'लिफ्ट बंद आहे' या पाटीच्या जरा वर. काकूंना डोळे पुसल्याचं समाधान मिळालं. पहिल्या मजल्याची वर्गणी वाचली. चिमणी कठडा धरून उभी राहायची. आता राहत नाही.