मेहिटाबेलची कबुली

लॉरिंगांच्या घरात कुणी मोठ्याने हसलं की थर्झा आत्या मान वर न करता म्हणायची, "मेहिटाबेल अशी खिदळत नव्हती हं!" मेहिटाबेल म्हणजे घराण्याची मूळ आजी. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून जहाजात बसून आली आणि मॅसॅच्युसेट्सच्या या किनाऱ्यावर राहिली. ती काय करत नव्हती, याची आत्याला खडान् खडा माहिती. काय करत होती, ते कुणीच विचारलं नव्हतं.

गावाच्या तीनशेव्या वर्षाची चर्चमध्ये उपासना ठरली आणि तिथे मेहिटाबेलची हकिगत वाचायची जबाबदारी आत्याने भाचीवर, युनिसवर टाकली. आई-बापामागे तिला आत्यानेच वाढवलेलं. युनिसचा जीव मात्र भलत्याच गोष्टीत अडकला होता. तिचा ठरलेला नवरा एसा कॉड मासे पकडणाऱ्या बोटीवर होता, तो परतला की लग्न. आणि पोटात बाळ त्याआधीच आलं होतं. आत्याला कळलं तर ती दार लावून घेईल, याबद्दल युनिसला तिळमात्र शंका नव्हती. असल्या मुलींच्या लग्नाला आत्या कधी गेली नव्हती.

चर्चच्या मागच्या खोलीत जुने कागद चाळताना युनिस थबकली. मेहिटाबेलचं लग्न पानगळीत, आणि बर्फ वितळायच्या आत पाळणा हललेला! पुढे लिहिलं होतं : नवरा-बायको चर्चच्या मंडळीसमोर उभे राहिले, चूक कबूल केली, मंडळीने ऐकून घेतलं, त्याच दिवशी बाळाचा बाप्तिस्मा झाला. मग मेहिटाबेल आणखी चाळीस वर्षं त्या गावात जगली, पण त्या गोष्टीचा पुन्हा कुठेही उल्लेख नाही. युनिस एकटीच खदखदून हसली आणि मग रडली.

घरी आत्याने चष्मा लावून सगळं वाचलं. कान लाल झाले.

"हे वाचायचं नाही."

"मग खोटं वाचू?"

"खोटं कुठे म्हटलं मी? थोडक्यात वाच. आली, राहिली, वारली."

रविवारी युनिस उभी राहिली आणि तिने सगळं वाचलं. मागून कुणीतरी फिसकन हसलं. आत्या काठीसारखी ताठ. आता बसायचं, एवढंच उरलं होतं; पण युनिस बसली नाही.

"माझंही तसंच आहे," ती म्हणाली. "बाळ एसाचं आहे. तो आला की लग्न."

आत्या उठली. गेली ही, युनिसला वाटलं, संपलं सगळं. आत्या दाराकडे वळली नाही, मंडळीकडे वळली.

"ऐकलंत ना? त्या काळी कबुली दिली की मंडळी विषय बंद करायची. आपण त्यांचीच लेकरं म्हणून मिरवतो. तर विषय बंद. पाद्रीबाबा, गीत सांगा!"

पाद्रीबाबांनी घाईघाईत चुकीचं गीत सांगितलं आणि सगळ्यांनी ते मन लावून म्हटलं. युनिसला गाता येईना. छातीवरचा धोंडा उतरला होता आणि तिला नुसतं हसू फुटत होतं.

नंतर हिरवळीवर पंगत मांडली होती. युनिसला सडकून भूक लागली. आत्याने तिच्या ताटात उकडलेल्या घेवड्याचा ढीग वाढला, वर डुकराच्या मांसाचा तुकडा ठेवला.

"खा. दोन जिवांची आहेस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण काय गं, सगळ्या गावासमोर कशाला? घरात सांगता येत नव्हतं मला?"

"घरात सांगितलं असतं, तर विषय बंद केला असतास?"



"नसता केला," आत्या म्हणाली, आणि तिने आणखी एक डाव वाढला.